वीस प्रश्नांत प्रसिद्धी

व्हिडिओ कॉलवर मित्रमंडळी जमली की हल्ली गप्पांऐवजी ‘ओळखा पाहू, मी कोण?’ सुरू होतं. एकाने मनात नाव धरायचं, बाकीच्यांनी हो-नाहीचे वीस प्रश्न विचारायचे. १९४६ मध्ये अमेरिकी रेडिओवर गाजलेला हा खेळ.

हिशेब सोपा आहे. प्रत्येक प्रश्नाने निम्मी माणसं गळाली, तर विसाव्या प्रश्नापर्यंत दहा लाखांहून अधिक नावांतून एक निवडता येतं. पण आपल्याकडे पहिलाच प्रश्न येतो : “सचिन का?” म्हणजे दहा लाखांतून एक वजा!

थोडं डोकं लावणारे विचारतात : मराठी? हो. भारतरत्न? हो. राज्यसभेवर नियुक्ती? हो. नाव सचिन तेंडुलकर असो वा लता मंगेशकर, उत्तरं तीच. मग एखादा चतुर विचारतो, “सभागृहात गैरहजेरीबद्दल टीका झाली होती?” त्यालाही दोन्हीकडून होच. ‘बाई की पुरुष?’ हे मात्र कुणाला सुचत नाही. तोवर कोपऱ्यातला एक जण आवाज बंद करून, मान खाली घालून गूगल चाळत असतो. जिंकतो तोच.

पुलंचं नाव धरलं तर विचारूच नका. लेखक? हो. नट? हो. संगीतकार? हो. दिग्दर्शक? हो. ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात ते सगळंच होते.