तार्तूचा गीतमहोत्सव आणि दुसरा बास

तार्तू हे एस्टोनियातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. वस्ती लाखाच्या आसपास, आणि तिच्यात विद्यार्थ्यांचा भरणा मोठा. एमायोगी नदी गावातून वाहते. इथले विद्यापीठ स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याने १६३२ मध्ये स्थापले. १७१० मध्ये युद्धाच्या धामधुमीत ते बंद पडले आणि १८०२ मध्ये रशियन साम्राज्याच्या अमलाखाली पुन्हा उघडले. तेव्हा शिकवण्याची भाषा जर्मन होती, पुढे रशियन झाली आणि १९१९ पासून एस्टोनियन. ज्यांच्या जमिनीवर विद्यापीठ उभे होते त्यांच्या भाषेपर्यंत पोचायला त्याला २८७ वर्षे लागली. विद्यापीठांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हा आकडा फार वाटू नये.

प्रेक्षणीय स्थळांत टाउन हॉलच्या चौकातले चुंबनमग्न विद्यार्थ्यांचे कारंजे, एक कललेले घर आणि टेकडीवरचे कॅथेड्रलचे अवशेष येतात. तिन्ही जेवणाआधी पाहून होतात. मुख्य इमारतीच्या माळ्यावरची विद्यार्थ्यांची कोठडी मात्र सवडीने पाहावी. जुन्या काळी ग्रंथालयाचे पुस्तक वेळेवर परत न केल्यास २ दिवस, स्त्रीचा अपमान केल्यास ४ दिवस, कोट सांभाळणाऱ्या नोकराचा अपमान केल्यास ५ दिवस आणि द्वंद्वयुद्धाबद्दल ३ आठवडे असा शिक्षेचा दर होता. तिथल्या हिवाळ्यात कोट सांभाळणारा माणूस समाजात कुठे बसतो हे या दरपत्रकावरून लक्षात येते.

एस्टोनियाचा गीतमहोत्सव याच गावात जन्मला. योहान वोल्देमार यान्सेन हा एस्टोनियन भाषेत वृत्तपत्र चालवणारा संपादक. त्याने १८६५ मध्ये तार्तूत ‘वानेमुइने’ हे गायकमंडळ काढले आणि १८६९ च्या जूनमध्ये देशभरातल्या मंडळींना गोळा करून पहिला महोत्सव भरवला. जमीनदार जर्मन आणि सरकार झारचे, त्यामुळे नुसते ‘आम्हाला गायचे आहे’ म्हणून परवानगी मिळण्यासारखी नव्हती. लिव्होनिया प्रांतात भूदासपद्धती १८१९ मध्ये रद्द झाली होती. त्या घटनेच्या पन्नाशीचे निमित्त पुढे करण्यात आले. मुक्त केल्याबद्दल आभार मानतो म्हणणाऱ्यांना नाही म्हणणे कोणत्याच सरकारला जड जाते.

त्या वेळी ५१ गायकवृंद आणि वाद्यवृंद आले, माणसे साडेआठशेच्या आसपास, आणि सगळे पुरुष. बहुतेक रचना जर्मन वळणाच्या होत्या. एस्टोनियन संगीतकाराच्या फक्त दोन, दोन्ही आलेक्सांदर कुनिलाइडच्या, आणि त्या दोन्हींचे शब्द यान्सेनची मुलगी लिदिया कोइदुला हिचे. बायकांना गायला उभे करायचे नाही असे ठरलेल्या उत्सवात सर्वांत जास्त टिकलेले शब्द एका बाईचे निघाले. मिश्र गायकवृंदांना पुढे १८९१ मध्ये प्रवेश मिळाला. खुद्द यान्सेनने फिनलंडमध्ये गाजलेल्या फ्रेडरिक पाचियसच्या चालीवर शब्द लिहिले होते. ते आज एस्टोनियाचे राष्ट्रगीत आहे. चाल फिनलंडच्या राष्ट्रगीताचीही तीच, आणि यावरून दोन्ही देशांत भांडण नाही, हे मराठी वाचकाला खरे वाटणार नाही.

महोत्सवाचे मुख्य ठाणे नंतर टॅलिनला गेले. तिथे तो साधारण दर पाच वर्षांनी भरतो आणि एकत्र गाणाऱ्यांची संख्या २० हजारांच्या वर जाते. देशाची सारी लोकसंख्या सुमारे १३ लाख, हे ध्यानात घेतले म्हणजे श्रोते कुठून आणतात हा प्रश्न पडतो. तार्तूनेही आपला वसा सोडलेला नाही. नदीच्या बाजूला तेह्तवेरे भागात १९९४ मध्ये बांधलेला गानमंच आहे. बाल्टिक देशांतल्या विद्यार्थ्यांचा ‘गाउदेआमुस’ हा महोत्सवही १९५६ मध्ये संचालक रिखार्ड रित्सिंग यांच्या पुढाकाराने इथेच सुरू झाला.

व्यवस्था अशी असते. गाण्यांच्या वह्या गायकवृंदांना खूप आधी मिळतात. परीक्षक गावोगावचे गायन ऐकून कोणाला घ्यायचे ते ठरवतात. उत्सवाच्या दिवशी सगळे गावातून मिरवणुकीने मैदानावर येतात, कमानीखालच्या पायऱ्यांवर आवाजाप्रमाणे उभे राहतात. बायकांमध्ये सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांमध्ये टेनर आणि बास, आणि यांतही पहिला-दुसरा असे पोटभेद. एवढ्या मोठ्या मंचावर कानावर विसंबून चालत नाही. आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. त्यामुळे पलीकडच्या टोकाचे गाणे ऐकून जो गाईल तो मागे पडेल. उंच चौथऱ्यावरच्या संचालकाचा हात तेवढा पाहायचा, हा पहिला नियम.

आता पर्यटकाकडे वळायला हरकत नाही. येथे अभ्यासिलेला मराठी पर्यटक साठीच्या अलीकडचा, पत्नीसह प्रवास करणारा, गुडघ्यांबद्दल बोलणारा आणि आवाजाने वंचित होता. सातवीत असताना संगीताच्या बाईंनी त्याला ‘तू नुसते ओठ हलव’ असा सल्ला दिला होता आणि तो त्याने पुढे शाळेत, पंधरा ऑगस्टला, आरतीला आणि मुलाच्या लग्नातल्या मंगलाष्टकांनाही पाळला. मात्र त्याला पोशाखाची हौस होती. उत्सवात लोक राष्ट्रीय पोशाखात येतात असे वाचून त्याने सिल्कचा मोतिया कुर्ता, वर मरून जाकीट आणि गळ्यात उपरणे असा बेत केला. पत्नीने ‘अहो, आपण ऐकायला चाललोय’ अशी जाणीव करून दिली होती.

पुढची घटना मिरवणुकीच्या कडेला घडली. पत्नी सावलीतली जागा धरायला मैदानाकडे पुढे गेली होती आणि पर्यटक फोटो काढत उभा होता. पट्ट्यापट्ट्यांचे घागरे, गुडघ्यापर्यंतचे पायमोजे, डोक्यावर फुलांची कडी, खांद्याखांद्याला भिडलेली माणसे. अशात पिवळा सदरा घातलेली एक स्वयंसेविका धावत आली, त्याच्या उपरण्याकडे पाहून हसली, ‘पाहुणा गायकवृंद ना? तुमची माणसे पुढे गेली’ असे इंग्रजीत म्हणाली आणि त्याला दंडाला धरून रांगेत सरकवून गेली. ‘नाही’ हा शब्द या प्रदेशात वेळेवर उच्चारावा लागतो. पर्यटकाने तो मराठी रीतीने, म्हणजे मान डोलावत आणि हसत उच्चारला.

रांगेतून बाहेर पडता येते, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. प्रत्यक्षात दोन्ही कडांना टाळ्या वाजवणारे लोक उभे असतात आणि टाळ्या घेत असताना पळून जाणे कोणालाच जमत नाही. पर्यटकाने हात हलवला. एका आजीने त्याला निळे फूल दिले. ते घेतल्यावर तर परतीचा मार्ग बंदच झाला. ही मंडळी दोन-दोन वर्षे आठवड्याला तालीम करून, परीक्षकांपुढे गाऊन इथवर आली होती. पर्यटक एका धक्क्यात आला.

मंचावर उंचीप्रमाणे की पोटाप्रमाणे कोण जाणे, पण त्याला दुसऱ्या बासांत जागा मिळाली. शेजारी सहा फुटांहून उंच, लोकरीच्या जाड बंडीतला एक गृहस्थ उभा होता. त्याने काही विचारले नाही. एस्टोनियन माणूस अनोळखी माणसाला प्रश्न विचारत नाही; हा गुण इथे पर्यटकाच्या मुळावर आला, कारण एका प्रश्नाने सगळा उलगडा झाला असता. त्या गृहस्थाने आपली वही थोडी तिरकी करून मध्ये धरली. पाने प्लास्टिकच्या पिशव्यांत होती, पिशवीवर मागच्या कुठल्या पावसाचे डाग होते, आणि चार ओळींच्या जुडग्यातली सगळ्यांत खालची ओळ त्याने जाड बोटाने दाखवली. नखाखाली शेतातली माती होती.

याच सुमारास फोन थरथरला. ‘कुठे आहात? सावली चाललीय.’ मग: ‘ते तुम्ही आहात का?’ मग थोड्या वेळाने: ‘खाली बघू नका. पोट आत.’

पहिल्या गाण्याला ओठ हलवण्याचे धोरण यशस्वी झाले. दुसऱ्या गाण्यात बासांना बराच वेळ एकाच स्वरावर थांबायचे होते. वर सोप्रानो चाल गात फिरत होत्या, खाली हे जमिनीसारखे स्थिर. तंबोऱ्याचे हे काम आपल्याला जमेल असे पर्यटकाला वाटले. आयुष्यात प्रथमच त्याने आवाज सोडला, आणि तो शेजाऱ्याच्या आवाजात मिसळून गेला. मिसळला तो कळेनासाच झाला. पायाखालची फळी मात्र कंप पावत होती, आणि त्या कंपात आपलाही काही वाटा आहे ही कल्पना ज्याला सातवीपासून गप्प बसवले आहे त्याला साधी वाटत नाही.

आपल्या संगीतात षड्ज एकदा लागला की मैफल उठेपर्यंत हलत नाही. युरोपीय समूहगानात तळाचा स्वरही स्वरसंगतीबरोबर सरकतो, आणि सरकताना कोणी कळवत नाही. दुसरे कडवे सुरू होताच सगळे बास एका पायरीने खाली उतरले. पर्यटक षड्जावर निष्ठेने उभा राहिला, तेही खुल्या आवाजात. त्यातच संचालकाने सर्व गायकवृंदांचा आवाज हळू करण्यासाठी तळवा खाली दाबला होता. पुढच्या तीन रांगांतल्या माना वळल्या. आल्टोंमधली एक मुलगी हसू दाबताना वाकली. संचालकाने उजवीकडे पाहिले. एवढ्या गर्दीत त्याला नेमकी दिशा कशी कळते हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

शेजारी गृहस्थ वळला नाही. त्याने वहीखालून हात काढला, मांडीजवळ आडवा धरला आणि स्वर जसा उतरेल तसा बोटाबोटाने खाली नेऊ लागला. चढेल तिथे वर. उरलेली सगळी गाणी त्याने एका हाताने वही आणि दुसऱ्या हाताने पर्यटक सांभाळला.

शेवटचे गाणे कोइदुलाच्या शब्दांचे होते. त्याची हल्ली गायली जाणारी चाल गुस्ताव एर्नेसाक्सची, १९४४ मधली. सोव्हिएत काळात १९४७ च्या महोत्सवात हे गाणे झाले, नंतर ते कार्यक्रमातून गळाले, आणि १९६० मध्ये टॅलिनला लोकांनी ते कार्यक्रमपत्रिकेत नसताना म्हटले. दरम्यान, १९४९ च्या मार्चमध्ये चार दिवसांत सुमारे २० हजार माणसे एस्टोनियातून गाड्यांत भरून सायबेरियाला पाठवण्यात आली होती. त्यांत बायका-मुलांचीच संख्या मोठी. १९८८ च्या उन्हाळ्यात टॅलिनच्या मैदानावर लाखोंनी जमून हेच लोक गात होते आणि २० ऑगस्ट १९९१ रोजी देश पुन्हा स्वतंत्र झाला. प्रवासी माहितीपुस्तकांत या सगळ्याला ‘गाणारे राष्ट्र’ असे गोड लेबल लावून खाली हॉटेलांचे दर देतात, त्याचा राग येतो.

या गाण्याला मैदान उभे राहिले. शेजाऱ्याने वही मिटली, पाठ होते. पहिले कडवे तो गायला. दुसऱ्यात त्याचा आवाज बंद झाला आणि बोटे मांडीजवळ तशीच चालू राहिली. पर्यटकाने बोटे पाहून जमेल तसे स्वर लावले. ते बरोबर होते की नाही हे सांगता येत नाही, कोणी वळून पाहिले नाही एवढे खरे.

कार्यक्रमानंतर संचालकांच्या डोक्यावर ओकच्या पानांची कडी चढवतात आणि गायकांना सूप मिळते. श्रोत्यांना ते विकत घ्यावे लागते. पर्यटक काळ्या पावाच्या दोन तुकड्यांसह गायकांच्या रांगेतून सूप घेऊन आला. शेजारी गृहस्थाने त्याचा खांदा थोपटून ‘बास’ असा एकच शब्द उच्चारला, तो आवाजाच्या प्रकाराबद्दल होता असे गृहीत धरायला हवे. पत्नीने सूप चाखून मीठ कमी असल्याचे सांगितले आणि उपरण्यावरचा डाग ओल्या रुमालाने पुसला. तिने सबंध समूहगानाची चित्रफीत काढली होती. हजारो कंठांचे चार आवाज तिच्यात नीटसे ऐकू येत नाहीत. ‘अगं बाई, खरंच हेच!’ हे स्पष्ट ऐकू येते. ती चित्रफीत त्याच रात्री नाशिक, ठाणे आणि न्यू जर्सी इथे पोचली. मेहुण्याने त्यातला तुम्ही कोणता, असे विचारले आहे.

तार्तूहून टॅलिनला आगगाडीने सुमारे दोन तास लागतात, बसने अडीच. उत्सवानंतरच्या सकाळी दोन्हींत गर्दी असते आणि कुठल्या ना कुठल्या डब्यात कोणी तरी गातच असते. तिकीट आदल्या दिवशी काढावे.