पडायचेच आहेत ना?

दातांच्या डॉक्टरांना पालक हमखास विचारतात, "दुधाचेच दात ना? पडायचेच आहेत, मग भरायचे कशाला?" हिशेब चोख आहे. फक्त दुधाच्या मागच्या दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत मुक्कामाला असतात आणि एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखी पक्क्या दातांची जागा धरून ठेवतात, एवढं त्यात धरलेलं नसतं. रुमाल अवेळी उचलला की शेजारचे सरकून बसणारच. मग तेराव्या वर्षी तारा. त्यांचा खर्च ऐकल्यावर भरणं स्वस्त होतं हे कळतं.

त्याहून गंमत सहाव्या वर्षाची. सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पाडता, पहिली पक्की दाढ गुपचूप उगवते. काहीच पडलं नाही म्हणजे तीही दुधाचीच, असा घरात निकाल लागतो. जन्मभर पुरायची दाढ चौथीत जाईपर्यंत किडते.

मोठ्यांची शंका वेगळी: "दात साफ केले की हलायला लागतात म्हणे?" हिरड्या केव्हाच सुटलेल्या, दात साचलेल्या किटणाच्या आधाराने उभे, किटण निघालं की आळ डॉक्टरवर. विचारणाऱ्या आजींच्या कमरेला मिश्रीची डबी असते. भाजलेला तंबाखूच तो, पण 'दात घासायला' म्हटलं की औषध.

पेस्टचं प्रमाण जाहिरातीतून शिकलेलं, ब्रशभर नागमोडी. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. "रात्रीही घासायचे का?" हे मात्र कोणी विचारत नाही. उत्तर माहीत असतं ना.