बुकिंगकाका

चौदा माणसं दोन रात्रींसाठी दिवेआगरला न्यायची तर घराण्यात एक बुकिंगकाका असावा लागतो. तो बहुधा बँकेतून निवृत्त झालेला असतो. हॉटेल या शब्दाचा त्याला तिटकारा. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी दिसली की त्याचा चेहरा उजळतो, कारण जिथे घर आहे तिथे घासाघीस आहे.

आमचे काका सहल ठरवतात ती आषाढात. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात कोकणात जातात ते हौशी लोक, असं त्यांचं मत. आषाढात खोलीचा दर निम्म्यावर येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे पापलेट मिळत नाही, हे खरं. पण मिळालं असतं तर थाळी केवढ्याला पडली असती, याचा आकडा काका तोंडावर फेकतात. दिघीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या बंद, किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स बंद. “म्हणजे पोरांचा तोही खर्च वाचला,” असं म्हणून ते वहीत एक रेघ ओढतात. जे मिळत नाही ते सगळं त्यांच्या हिशोबात जमेच्या बाजूला पडतं.

फोन मात्र ऐकण्यासारखा असतो. आधी पाऊसपाणी. मग, “तुम्ही मूळचे इथलेच का?” इथून काका नातं शोधायला लागतात. श्रीवर्धन, बोर्ली, म्हसळा करत करत पाचव्या मिनिटाला त्यांच्या साडूंची आत्या मालकांच्या चुलत्यांच्या शेजारी राहत होती, इथपर्यंत पोचतात. “म्हणजे घरचेच की हो आपण!” असं म्हणून दम घेतात आणि दराला हात घालतात. पण समोर कोकणातला माणूस असतो. तो शांतपणे म्हणतो, “घरच्यांकडून ॲडव्हान्स कसला घ्यायचा? पूर्णच पाठवून द्या.”

एकदा काका हरले, ते मला फार आवडलं. वाडीतलं कॉटेज म्हणून दर जास्त होता. काकांनी फोटो मोठा करून नारळ मोजले होते. म्हणाले, “वाडीत झाडं विरळ दिसतात हो. मग वाडीचे पैसे कसले?” पलीकडून उत्तर आलं, “३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं होतं, उरलेली त्याला विचारा. सुपारी पुन्हा लावल्येय, धरेल तेव्हा दर वाढवीन.” काकांनी निमूट पैसे पाठवले. तिथल्या कित्येकांच्या पोफळी त्या एका दिवसात आडव्या झाल्या होत्या आणि पोफळ धरायला वर्षं जातात, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना सुचलं नसावं.

चौदा माणसांना खोल्या दोन. बायका एकीत, पोरं दुसरीत आणि पुरुष पडवीत. पडवीत समुद्राची हवा येते, असं काका म्हणतात. डासही येतात, पण ते फुकट असल्यामुळे त्यांची नोंद होत नाही. जादा गादीचे पैसे पडतात म्हणून सतरंज्या पुण्याहून ताम्हिणीमार्गे गाडीच्या टपावर, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलेल्या असतात, आणि माणगावपर्यंत निम्म्या भिजलेल्या असतात. सकाळी न्हाणीघरापुढे रांग. बंबातलं पाणी पर हेड दीड बादली, असा फतवा निघतो. उकडीचे मोदक आदल्या दिवशी नगावर सांगून ठेवावे लागतात. काका ‘गोड कोण कोण खात नाही’ असं विचारत फिरतात आणि मधुमेहींची नावं उत्साहाने लिहून घेतात. आत्याची एकादशी त्यांनी तारीख बघूनच गाठलेली असते.

तरी मालकीणबाई सोड्यांची खिचडी करते, सुकटाची चटणी वाढते, सोलकढी मागू तेवढी देते. पोरं पावसात अंगणभर लोळतात. रात्री वीज जाते आणि मोठी माणसं अचानक गाणी म्हणायला लागतात. काकाही म्हणतात, पण वही उशाशी ठेवून.

यंदा शेजारच्या खोलीत एक तरुण जोडपं होतं. बाईकवरून भिजत आलेलं, बुकिंगबिकिंग काही नाही. नळावर काकूने सहज चौकशी केली. त्यांनी दारात उभं राहून ‘जागा आहे का’ एवढंच विचारलं होतं, आणि कुडकुडताना बघून मालकांनी खोली आमच्यापेक्षा तीनशे रुपये कमी दरात उघडून दिली होती. वर आल्याचा चहा, तोही मालकांकडून.

बातमी पडवीतून दोन्ही खोल्यांत मिनिटात पसरली. काका तेव्हा मालकांशी फणसपोळीच्या भावावरून हुज्जत घालत होते. काकूने आम्हा सगळ्यांना मागच्या दारी बोलावलं.

“ह्यांच्या कानावर एक अक्षर जाता कामा नये,” ती म्हणाली. “नाहीतर पुढच्या वर्षी चौदाच्या चौदा जणांना भिजवत आणतील.”