कडेनं धरा!

हा माणूस तुमच्याही नात्यात असणार. पंगतीत पापड दोन तळव्यांच्या मध्ये नुसता कडेनं धरून, दिव्याकडे तिरपा करून बघणारा गृहस्थ दिसला की समजावं, याच्या घरी रेकॉर्डींचं कपाट आहे. आमच्याकडे हे पद साडूंना मिळालंय.

साडूंचं दैवत पर्ल जॅम. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये 1990 साली जमलेला रॉक बँड. त्यांच्या पहिल्या अल्बमचं नाव ‘टेन’ का, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन, कारण दर दिवाळीला फराळासोबत ते ऐकावं लागतं. बँडचं आधीचं नाव मुकी ब्लेलॉक, म्हणजे एका बास्केटबॉलपटूचं. ते बदलावं लागलं, तेव्हा त्याच्या जर्सीवरचा दहा आकडा अल्बमला दिला. मग साडूंकडे ‘टेन’ दोन का, याचं आख्यान: एक 1991 सालचा मूळ, दुसरा 2009 साली नव्यानं मिक्स केलेला. दोन्ही लावून "फरक कळतो?" विचारतात. मी म्हणतो, "ड्रम जरा पुढे आलेत." हे उत्तर कुठल्याही रेकॉर्डला चालतं, वाचकांनी टिपून ठेवावं.

ठाण्याच्या त्यांच्या वन बीएचकेत पाहुण्याला पाण्याआधी साबण मिळतो. बोटांचा तेलकटपणा खाचेत जातो, त्यावर धूळ बसते आणि सुई त्या धुळीवरून गेली की करकरते. शास्त्र खरं आहे, पण ते थालीपिठाला लावायचं काय कारण? मेहुणीनं तव्यावरचं थालीपीठ वाढलं की साडू ते कडेनं उचलून आधी वरून, मग खालून तपासतात. लग्नाचा अल्बम कडेनं. आधार कार्ड कडेनं. एका बारशात बाळ हातात दिलं, तर डोकं आणि टाचा एवढंच धरून उभे राहिले; आत्याबाई ओरडल्या तेव्हा कुठे मधे हात घातला. आणि दुसऱ्या कुणी काहीही उचललं, अगदी जेवणाचं ताट, तरी आतल्या खोलीतून हाक येतेच, "कडेनं धरा!"

नवी रेकॉर्ड आली की आधी वजन. पाकिटावर 180 ग्रॅम लिहिलंय म्हणजे 180 भरलीच पाहिजे. मेहुणीनं केकसाठी आणलेला काटा आता कायमचा रेकॉर्डींच्या कपाटावर गेलाय. एक रेकॉर्ड चार ग्रॅम कमी भरली, तर साडू दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मेहुणीच्या मते ते दोन दिवस फार छान गेले.

1996 सालचा ‘नो कोड’ मात्र अशा लोकांना कंगाल करण्यासाठीच काढला असावा. गाणी 13. आत पोलरॉइड फोटोसारखी दिसणारी, पाठीवर गाण्यांचे शब्द छापलेली कार्डं, ती 9. तुमच्या नशिबी कुठली येतील याचा नेम नाही. सगळी हवीत? पुन्हा घ्या. याच मंडळींनी 1994 साली तिकिटं स्वस्त राहावीत म्हणून तिकीटमास्टर या बड्या कंपनीशी उभा दावा मांडला होता, त्यांच्यातल्या दोघांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. तिकिटात वाचले असते ते पैसे चाहत्यांनी कार्डांत घातले म्हणायचे. हे साडूंना बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुम्हाला त्यातलं तत्त्व कळत नाही." तत्त्वाच्या तीन प्रती त्यांच्या कपाटात आहेत.

त्यांचा खरा जीव ‘व्हायटॉलॉजी’त. सगळं जग सीडीमागे धावत असताना बँडनं 22 नोव्हेंबर 1994 ला हा अल्बम आधी रेकॉर्डवर काढला. सीडी दोन आठवड्यांनी आली. पहिल्या आठवड्यात रेकॉर्डच्या 34 हजारांच्या आसपास प्रती खपल्या आणि तो विक्रम 2014 साली रॉक गायक जॅक व्हाइटनं मोडेपर्यंत टिकला. त्यात खुद्द रेकॉर्डींवरच एक गाणं आहे. त्या नोव्हेंबरात साडू कुठे होते? सांगलीच्या हॉस्टेलात, मेसचं बिल थकवून. रेकॉर्ड सोडा, दुकानातली कॅसेटही परवडत नव्हती. रूममेटनं कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिलेलं ‘टेन’, त्यातही शेवटचं गाणं अर्ध्यात तुटलेलं. पुढे नोकरी, कर्ज, मुलगी. ते गाणं पुरं ऐकायला किती वर्षं गेली, हे त्यांनी एकदाच, तेही मेहुणी आत गेल्यावर सांगितलं. आपण सगळे आपापल्या तरुणपणातल्या वस्तू जपतो. साडू जमवतात त्या त्यांच्याकडे नसलेल्या.

गेल्या पावसाळ्यात आमचे सासरे, अण्णा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर साडूंकडे राहायला होते. अण्णा म्हणजे नाट्यसंगीत आणि त्यापलीकडे सगळा गोंगाट. साडूंनी त्यांना ‘डेड मॅन वॉकिंग’ या 1995 सालच्या चित्रपटातलं, पर्ल जॅमचा गायक एडी व्हेडर आणि नुसरत फतेह अली खान यांनी मिळून गायलेलं गाणं ऐकवलं. रेकॉर्ड जवळ नव्हती म्हणून मोबाईलवरून! एरवी मोबाईलवर गाणं ऐकणाऱ्याला ते जातीबाहेर टाकतात.

अण्णांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर सरकवला. "नुसरत कळला. खालचा आवाज कुणाचा?"

"आमच्या एडीचा," साडू म्हणाले.

"बरा लागतो. रियाज हवा. आणखी आहे का?"

साडू धावत ‘व्हायटॉलॉजी’ घेऊन आले. भाच्याच्या बॅगेतून न्यू जर्सीहून आलेली, 1994 सालची पहिली प्रत. तिचं रूप एका जुन्या अमेरिकन वैद्यकाच्या पुस्तकासारखं आहे. अण्णांना वाटलं, हा तिकडचा ‘आर्यभिषक’. मग त्यांनी आत हात घालून रेकॉर्ड पंजात पकडून ओढली आणि सदऱ्याच्या पोटावर गोल गोल घासून पुसली. सगळा जन्म स्वतःच्या रेकॉर्डी त्यांनी अशाच पुसल्या होत्या.

मेहुणीचा चहा गाळता गाळता थांबला. मी आरोळीची वाट पाहत होतो. साडूंचा कंठमणी वरखाली झाला, पण ते म्हणाले एवढंच, "द्या अण्णा, लावतो."

दोन्ही बाजू ऐकल्या अण्णांनी. तीन ठिकाणी करकर झाली; त्यांना ती ओळखीची वाटली असावी, मान हलवत होते. अधूनमधून पेंगत होते हेही खरं. "पुढच्या रविवारी लाव पुन्हा," म्हणून झोपायला गेले.

निघताना साडू मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. मला खरंच वाईट वाटत होतं. म्हटलं, "गेली का हो रेकॉर्ड?"

त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "दुसरी मागवलीय. ही अण्णांना पुसायला राहू दे. हिला सांगू नका."