मे महिन्याचं गाव

अहो, ऐकलंत का? या जरा गडग्याजवळ. अशा अलीकडे या, वारा नेमका त्यांच्या पडवीकडे वाहतोय.

आपले ते डोंबिवलीकर हो! चैत्रात बिऱ्हाड घेऊन आले, तेव्हा अख्ख्या आंजर्ल्याने काय भाकीत केलं होतं? सून टिकायची नाही. आमच्या जाऊबाईंनी तर तिची हिलची चप्पल बघूनच निकाल दिला, "दिवाळीच्या आत परत." आणि झालं भलतंच. सून ठणठणीत आहे. खचलाय कोण, तर नवरा! ज्याची ही सगळी हौस, तो!

श्रावणात आमचे हे त्यांच्या पंपाचा फ्यूज बघायला गेले होते. तर हा विहिरीच्या कठड्यावर नुसता बसलेला. "काय रे, काय झालं?" तर म्हणतो कसा, "काका, मला हे सगळं आवडायला हवं होतं ना?" आता आमच्या ह्यांना अशा वेळी काय सुचणार? म्हणाले, "फ्यूज कुठाय?"

तर काय सांगत होते... हां, हौस. नोकरी सोडली, फ्लॅट भाड्याने दिला, सातबारावर वाडवडिलांपासूनची जेवढी नावं, तेवढ्यांच्या दारात जाऊन आला. आत्याबाईंनी तर बजावलंच, "राहा बापडा, पण माझं नाव काढू नको, आणि माझी आंब्याची पेटी चुकवू नको." मेव्हण्यालाही शेजारचा तुकडा घ्यायचा होता म्हणे. तलाठ्याने विचारलं, "तुमच्या नावावर कुठे शेतजमीन आहे? शेतकरी आहात?" मेव्हणा म्हणाला, "मी आयटीत आहे." बसला मग गप्प!

आणि या डोंबिवलीकराने काय करावं? एक्सेल शीट केली. कलमं इतकी, गुणिले पेट्या इतक्या, गुणिले भाव, दरसाल. आमच्या ह्यांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "अरे, हापूस दरसाल सारखा धरतो असं तुला कोणी सांगितलं? एक वर्षाआड लिही. आणि वानरांचा वाटा कुठाय यात?" तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मग धावला दापोलीला, कृषी विद्यापीठात. तिथे त्यांनी, दरसाल मोहर यावा म्हणून घालतात त्या कल्टारचं समजावलं, कुठल्या महिन्यात, किती, आळ्यात कसं घालायचं. एवढं मोठं विद्यापीठ हाकेच्या अंतरावर, १९७२ सालापासूनचं, पण विचारायला आधी जायचं असतं हो!

पण खरं दुखणं ते नव्हेच. मी सांगते तुम्हाला. त्या पोराने गाव बघितलंय कधी? मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात काय, आढीतले आंबे, फणस, समुद्रावर डुंबणं, घरभर चुलत भावंडं. त्याचं गाव म्हणजे तेवढंच. जुलै कुठे बघितला होता? आगोटीची बेगमी नाही, पडवीला झापं बांधलेली नाहीत, पहिल्याच सरीला पाणी थेट माजघरात. सून मोबाईलवर बघून सांगते, दापोलीला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणून. मी म्हटलं, बाई गं, आम्ही कधी मोजला नाही. अंथरुणं ओली, ऑफिसच्या बुटांना बुरशी, लाइट गेली की गेली, त्यात एकदा पायरीवर फुरसं! तो आठ दिवस खाली उतरला नाही.

आणि ती? ती डबे बडवत वानरांच्या मागे! मीच तिला विचारलं एकदा, "तुला गो कसं जमलं?" तर म्हणाली, "काकू, मला यायचंच नव्हतं. डोंबिवलीला स्वयंपाकघर आवरतानाच मी काय ते रडून घेतलं. ह्यांना ती सोयच नव्हती. सगळं ह्यांनीच ठरवलेलं, मग रडणार कुठल्या तोंडाने?" काय बोलली पाहा! मला तर...

बरं, तिच्या सासूबाईंचं ऐकलंत का? सगळ्यांना वाटलं, म्हातारी खूश होईल, आपल्या घरी परत आली. आल्या दिवशी तरातरा मागल्या आगरात गेल्या आणि उभ्याच राहिल्या. "माझ्या पोफळी कुठायत?" अहो, २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळाने आपल्याकडे काय केलं, हे तुम्हाआम्हाला ठाऊक. निम्मी वाडी आडवी झाली. मुलाने छपराला पैसे पाठवले, कौलं बदलली, पण पोफळींचं आईला सांगितलंच नव्हतं! मुलगा जमिनीकडे बघतोय, सून आभाळाकडे. मी आपली चहा घेऊन गेले होते, तो तसाच हातात.

मग पावसात रोपं लावली. सासूबाई म्हणाल्या, "पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात, मी कुठे बघणार?" सून काय म्हणाली असेल? "तेवढं थांबा मग." आता म्हातारी रोज सकाळी रोपं मोजते. पण संध्याकाळ झाली की मात्र तिला भजनी मंडळ आठवतं, मग कोणाशी बोलत नाही.

नातू तर रोज कड्यावरच्या गणपतीला! भर पावसात! आजी सगळ्यांना कौतुकाने सांगत होती, "उजव्या सोंडेचा देव आहे, कडक, पण माझ्या नातवाची केवढी श्रद्धा!" आमच्या पोराने मला सांगितलं, अगं, तिथे रेंज चांगली येते. मी आजीला बोलले नाही हो. कशाला!

तर आता खरी बातमी. गणपतीत ठाण्याचे चुलतभाऊ आले होते. पानावर बसले आणि सुरू, "तुम्ही काय बाबा लकी! प्युअर हवा, नो टेन्शन." मी वाढायला होते, म्हणून कळलं. सगळे याच्याकडे बघतायत, आता हसेल म्हणून. आणि हा म्हणाला, "मला अजून इथे जमत नाहीये."

अहो, आत्याबाईंचा मोदक तोंडाशीच राहिला! कोणी काही बोलेना. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मलाही नाही." लगेच नातू, "मलाही!" आणि सून इतकी हसली, इतकी हसली, की तुपाची वाटी कलंडली. मग तो पण हसला. आल्यापासून पहिल्यांदा, शप्पथ. दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांच्याकडे आला, पुढल्या पावसाळ्याची झापं विणायला कधी घ्यायची म्हणून विचारायला. म्हणजे पुढल्या पावसाळ्यात आहेत हो इथे!

पण धाकटा चुलतभाऊ चिवट. निघताना म्हणतो, "वहिनी, आम्हीपण विचार करतोय इकडे शिफ्ट व्हायचा. मे महिन्यात येतो, राहून बघतो." बायकोने तर पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता. सून शांतपणे म्हणाली, "भावजी, मेमध्ये नको. जुलैत या. आठ दिवस राहा, मग बोलू."

त्या ठाण्याच्या बाईचा चेहरा असा उतरला ना! गाडीत बसेपर्यंत तोंडातून शब्द नाही. आता जुलैत येतात का बघायचं. आले, तर पहिली खबर तुम्हालाच देते.