सोमवारकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. ते दारावरच्या पाटीवर आणि लाइटबिलावर सुखरूप आहे. मी मात्र मनातल्या मनात त्यांना सोमवारकरच म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक डाएट सोमवारी सुरू होतं. रविवारी रात्री ते शेवटचं म्हणून जेवतात. असं शेवटचं जेवण मी त्यांच्याबरोबर निदान चौदा वेळा तरी जेवलो आहे.

सोमवारकर डोंबिवलीला आमच्याच सोसायटीत, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात आणि फोर्टमध्ये एका विमा कचेरीत नोकरी करतात. वय एकावन्न. पँटचा नंबर विचारलात तर छातीठोक उत्तर येतं, "छत्तीस. कॉलेजपासून बदललेला नाही." यात खोटं काही नाही. नंबर तोच आहे, फक्त पट्टा बांधायची जागा बदलली आहे. पूर्वी तो बेंबीवरून जायचा, आता घाटातल्या रस्त्यासारखा पोटाला वळसा घालून खालून जातो. फॅमिली डॉक्टरांनी टेप बेंबीवरून धरली तेव्हा घेर १०४ सेंटिमीटर भरला. आपल्याकडच्या पुरुषांचा ९० च्या आत असावा, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर सोमवारकरांनी विचारलं, "टेप धुतल्यावर आटते का हो?"

वजन करणं हा त्यांच्याकडचा एक विधी आहे. सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, पोट साफ झाल्यावर. आधी घड्याळ उतरतं, मग अंगठी, मग बनियन. शेवटी चष्माही उतरतो. तेवढ्यानं फरक पडतो असं त्यांचं म्हणणं. मग काट्यावर श्वास रोखून उभे राहतात आणि खाली पाहतात, तर चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही. शिवाय मध्ये पोट येतं ते वेगळंच. मग हाक जाते, "अगं, जरा आकडा बघ गं!" वहिनी पोळी तव्यावर टाकून येतात, वाकून बघतात, "ब्याऐंशी" म्हणतात आणि पोळी करपायच्या आत परततात. त्या घरातली सोमवारची पहिली पोळी नेहमी थोडी करपलेली असते.

पहिल्यांदाच वजन कमी करायला निघालेल्या माणसाला वाटतं, की जगात कुठेतरी आपल्या मापाचं एक डाएट शिवून ठेवलेलं आहे आणि आपण फक्त दुकान शोधायचं आहे. सोमवारकर पहिल्यांदा निघाले त्याला सहा वर्षं झाली, पण ही श्रद्धा अजून कोरी आहे. माझं मत विचाराल तर डाएट दोन प्रकारचं असतं, करायचं आणि सांगायचं. सोमवारकरांनी आजवर निवडलं ते सगळं दुसऱ्या प्रकारचं.

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, हे घराणंच जुनं आहे. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे एक गृहस्थ होते. व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा. वजन इतकं, की बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उतरायचा तो पाठमोरा. कानाची तक्रार घेऊन एका डॉक्टरांकडे गेले. त्या डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटे आणि बिअर बंद करायला सांगितलं. बँटिंग बारीक झाले. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बारीक झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही. १८६३ साली त्यांनी स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापली आणि लोकांना फुकट वाटली. पुढे त्यांच्या आडनावाचं क्रियापद झालं. स्वीडिश भाषेत डाएट करणं याला आजही 'बांता' म्हणतात. आमच्या सोमवारकरांना व्हॉट्सअॅप फुकट मिळालं, एवढाच काय तो फरक.

सोमवारकरांचं पहिलं मोठं पर्व डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं. कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभी असलेली ही पद्धत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. कडक भूक कधी लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपायचं आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. सोमवारकरांनी यातली ५५ मिनिटं घेतली आणि ४५ सोडून दिली. मोबाइलवर गजर लावून ते पानावर बसत. पूर्वी वीस मिनिटांत उठणारा माणूस आता ५५ मिनिटांचा पुरेपूर वापर करू लागला. चाळिसाव्या मिनिटाला, "वेळ आहे अजून, थोडा भात वाढ." पन्नासाव्या मिनिटाला श्रीखंडाची वाटी. गजर वाजला तेव्हा हातात चमचा होता. "घास तोंडात असेल तर चालतो," असा निर्णय त्यांनी पंचाच्या थाटात दिला.

मग कचेरीतल्या कुणीतरी ऋजुता दिवेकरांचं पुस्तक दिलं. आपल्या मातीतलं, ऋतूतलं खा, तुपाला घाबरू नका, थोडं थोडं पण वेळेवर खा. सोमवारकरांना हे सगळंच पटलं, त्यातही तूप फार पटलं. 'थोडं थोडं' मात्र नजरेतून निसटलं. दोन्ही पद्धती एकत्र करून दर दोन तासांनी ५५ मिनिटं जेवण्याचा विनोद तुम्ही वाचला असेल. सोमवारकरांनीही वाचला होता. त्यांना तो विनोद आहे हे कळलं नव्हतं.

श्रावणात सात दिवसांचं एक डाएट आलं, एका मोटार कंपनीच्या नावानं फिरणारं. एक दिवस नुसती फळं, एक दिवस नुसत्या भाज्या, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. आठ केळी एकदम घेतली तेव्हा केळेवाल्यानं विचारलं, "काका, सत्यनारायण का?" सोमवारकर "हो" म्हणाले, कारण खरं सांगायला लाज वाटली. सातव्या दिवशी काटा ८० वर आला आणि सोसायटीत पेढे वाटले गेले. पुढच्या रविवारपर्यंत काटा पुन्हा ८२. वहिनींनी पेढ्यांचा खर्च वहीत 'औषधपाणी' या सदरात टाकला.

भाद्रपद लागायच्या आधी कीटो आलं. या आहाराचा जन्म १९२० च्या दशकातला, तोही अपस्माराच्या रुग्णांसाठी. पिठूळ पदार्थ इतके कमी करायचे, की शरीरानं चरबी जाळून इंधन करावं. दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत कर्बोदकं. आपल्या तीन पोळ्यांत तो कोटा संपतो आणि भाताचं नाव काढायला जागा उरत नाही. घरात पनीर, लोणी, चीज आलं. परदेशी फळांच्या दुकानातून आवाकाडो आला. तो पिकायच्या आतच वहिनींनी कच्ची पपई समजून किसला. पोळ्या करणाऱ्या मावशींनी स्पष्ट विचारलं, "साहेब जेवत नसतील तर माझा पगार तोच ना?" नवव्या दिवशी गणपती आले. ताटात उकडीचे मोदक. सोमवारकरांनी मार्ग काढला, "उकड तांदळाची ना? ती सोडतो, सारण खातो." वहिनी म्हणाल्या, "सारणात गूळ आहे. गूळही काढून देऊ का? खोबरं उरेल." कीटोचं विसर्जन दीड दिवसाच्या गणपतीच्याही आधी झालं.

नवरात्रात माझी भाची आमच्याकडे आली होती. ती आहारतज्ज्ञ आहे. ही बातमी वर पोचायला जिन्यानं लागतात तेवढीच मिनिटं लागली. सोमवारकर फाइल घेऊन खाली आले. फाइलीत सगळ्या डाएटचे तक्ते होते, प्लास्टिकच्या पिशव्यांत घातलेले.

"एकच सांग, यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?"

"काका, अमेरिकेत स्टॅनफर्डला हेच तपासून पाहिलं," ती म्हणाली. "२०१८ साली निकाल छापून आला. ६०९ माणसं. अर्ध्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, अर्ध्यांनी पिठूळ. वर्षभरानं दोन्हीकडे सरासरी पाच-सहा किलो उतरले. म्हणण्यासारखा फरक नाही."

"म्हणजे सामना बरोबरीत?"

"तसंच. पण दोन्हीकडे कुणाचे वीस-पंचवीस किलो गेले आणि कुणाचं उलट वाढलं. म्हणून तक्ता कोणता ते नंतर बघू. तुम्हाला वर्षभर काय निभेल, ते आधी बघू."

मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. बीपीची, साखरेची गोळी चालू आहे का? असेल तर जेवणाच्या वेळांशी खेळण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांना दोन स्वयंपाक झेपतील का? आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलेल्या वहिनींचं उत्तर परस्पर आलं. घरातून कधी निघता, परत कधी येता? भूक सगळ्यात जास्त कधी लागते?

"कल्याण डोंबिवलीत सगळ्यांना लागते तेव्हाच," सोमवारकर म्हणाले. "गाडीतून उतरलो की."

"मग आठ दिवस काहीही बदलू नका. फक्त लिहा. तोंडात गेलं की वहीत."

सोमवारकर हिरमुसले. श्रावणातले दोन किलो गेले कसे आणि आले कसे, हे त्यांनी विचारलं. ते पाणीच होतं, भाची म्हणाली. शरीर थोडी साखर साठवून ठेवतं आणि तिच्या जोडीला तिपटीनं पाणी धरतं. खाणं तोडलं की दोन्ही जातात, जेवलात की दोन्ही परत. चरबी सावकाश हलते, आठवड्याला अर्धा किलो गेली तरी भरपूर. "म्हणजे पेढे..." सोमवारकर पुटपुटले. "पेढे मात्र चरबीत गेले," भाची म्हणाली.

ती वही मी पाहिली आहे. विमा कचेरीत जन्म गेलेल्या माणसाची वही, नोंदी चोख. 'सकाळी ७.१०, चहा. ७.२५, उरलेला चहा. ११, साहेबांबरोबर चहा. ११.४०, साहेब रागावले म्हणून चहा.' दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाची ६० ग्रॅम साखर, आठवड्याची ४२० ग्रॅम. वाण्याकडून अर्धा किलोची पुडी आणायची आणि रविवारपर्यंत संपवायची, असा हिशोब. पुढे: 'सायं. ७.२५, स्टेशनबाहेर वडापाव, १. सायं. ७.२७, तोच.' आणि जवळजवळ रोज रात्री एक नोंद: 'पातेल्यात थोडं उरलं होतं.' पातेल्यातल्या त्या 'थोड्या'ला आजवर कुठल्याच डाएटनं हात लावला नव्हता, कारण ते खाणं नसून आवराआवर आहे, अशी सोमवारकरांची समजूत होती.

भाचीनं त्यांना तक्ता दिलाच नाही. बदल सांगितले ते पाचच. चहाचे कप तीन, साखर एकेक चमचा. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग दोन पोळ्या, भात वाटीभर. पातेलं वहिनींच्या ताब्यात. आणि संध्याकाळी ६.१४ ची लोकल. तिच्यात बसलं की मूठभर फुटाण्यांची पुडी उघडायची आणि घाटकोपर यायच्या आत संपवायची, म्हणजे डोंबिवलीला उतरताना वड्याशी समोरासमोर गाठ पडली तरी पाय लटपटत नाहीत. शिवाय स्टेशनवरून रिक्षा नाही, चालत घरी.

"आणि याचं नाव काय?" सोमवारकरांनी पेन सरसावून विचारलं.

"नाव काही नाही, काका."

त्यांचा चेहरा पडला तो त्या दिवशी काही वर आला नाही. पण बाकी निभलं. पुडीतले निम्मे फुटाणे पहिल्या आठवड्यात गाडीतल्या ग्रुपनं फस्त केले, मग ग्रुपमधले चौघे आपापली पुडी आणू लागले. दिवाळीत फराळ झाला, चकल्या वहीत मोजून लिहिल्या गेल्या. दोन सोमवारी काटा हललाच नाही. एकदा तर चढला. वहिनींनी वाकून आकडा वाचला आणि काही न बोलता गेल्या. पण मार्गशीर्ष लागला तेव्हा काटा ७८ वर होता आणि पट्टा एक भोक आत गेला होता.

खरी परीक्षा एका लग्नात झाली. मंगल कार्यालयात, अक्षता नुकत्याच पडलेल्या. वधूपक्षाकडचे एक गृहस्थ पुढे आले, "अहो, बारीक झालात! कोणतं डाएट?" ज्या प्रश्नासाठी सोमवारकर सहा वर्षं झटले, तो आयता समोर उभा होता. ते म्हणाले, "चहात साखर कमी केली. आणि... फुटाणे खातो." गृहस्थ "अच्छा" म्हणाले. त्या 'अच्छा'च्या मध्यावरच त्यांची नजर पलीकडे कीटोवर बोलत असलेल्या माणसाकडे गेली होती. पंगतीत सोमवारकरांनी जिलबी एकच घेतली, पण ती फार दुःखानं खाल्ली. मला म्हणाले, "चार किलो उतरवले हो, पण सांगायला काही उरलं नाही."

पुढच्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. चहा आला. सोमवारकरांनी कपावर हात आडवा धरला.

"का हो?" चिटणिसांनी विचारलं. "उपास?"

"नाही," सोमवारकर शांतपणे म्हणाले, "सहा-चौदा करतोय."

सभा एकदम गप्प झाली. पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला पडला. "सोळा-आठ ऐकलंय आम्ही," चिटणीस अदबीनं म्हणाले, "हे सहा-चौदा नवीन दिसतंय. अवघड असतं का?"

सोमवारकरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर, स्टेशनच्या दिशेला. "प्रत्येकाला जमत नाही," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळच्या ६.१४ ला बसायला जागा मिळवणं प्रत्येकाला कुठे जमतं?