दोन बोर्डांची गोष्ट

मृत मदरबोर्डची पहिली तपासणी घरीच होते: कॅबिनेटवर दोन थापा. अकोल्याच्या जठारपेठेत मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, लाइन जाते, झटक्यासरशी येते, पुन्हा जाते. तरी आरोप मात्र पोरांच्या गेमवर. दुसरी तपासणी दुकानात. तिथे 'बोर्ड गेला' हे निदान स्क्रू उघडण्याआधीच तयार असते.

शास्त्र क्रमाने चालते. प्रथम एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, बोर्डापासून सोडवून 24 पिनी जोडणीतली हिरवी तार काळ्या तारेला जोडतात. पंखा फिरला म्हणजे पुरवठा निर्दोष ठरत नाही, फक्त जामिनावर सुटतो. मग मल्टिमीटरने जबाब: जांभळ्या आणि लाल तारेवर 5 व्होल्ट, पिवळ्यावर 12, नारिंगीवर 3.3. पाच टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर गुन्हेगार एसएमपीएसच.

जबाब जुळले, तर प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर पाहावेत. सपाट माथा पुरीसारखा फुगला असेल, तर तो कपॅसिटर कामातून गेला. तेही धड असतील, तर 12 व्होल्टची वाट आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावतात. ते सलग किंचाळले की बहुधा एखादे मॉस्फेट शॉर्ट.

सुटा भाग स्वस्तात मिळतो, बोर्ड जिवंत होतो. मग तो घरी नेऊन भिंतीवरच्या त्याच सैल सॉकेटला, अर्थिंगची पिन मोडलेल्या त्याच प्लगने जोडला जातो. दुरुस्ती मदरबोर्डचीच होते. भिंतीवरचा बोर्ड निर्दोष सुटतो.